तोनोमुरांच्या शेवाळावरचा बेडूक

तोनोमुरांनी नकार दिला होता. याबद्दल क्योटोतल्या शेंबड्या पोरालासुद्धा शंका आली नसती. चित्रपटवाला माणूस दारात आला, टोपी काढून कमरेत वाकला, "साहेब, तुमचं घर येक दिस वापराया मिळंल का? छपरामागून आमचा बेडूक वर येतो, येवढंच दावायचंय," असं म्हणाला आणि तोनोमुरा अत्यंत प्रसन्न चेहऱ्याने म्हणाले, "वा, वा. विचार करून ठेवतो."

झालं, विषय संपला. नकार म्हणजे काय उंबऱ्यात उभं राहून 'नाही' म्हणायचं असतं? ते इतर गावांत. क्योटोत 'विचार करून ठेवतो' म्हटलं की समोरच्याने ओशाळून हसायचं, हवापाण्याचं एक वाक्य बोलायचं आणि काढता पाय घ्यायचा. पाणीपुरवठा खात्यात उपविभागप्रमुख म्हणून तोनोमुरांनी हे वाक्य इतक्या लोकांना ऐकवलं होतं की निम्म्या शहराला नळ मिळाले नव्हते, पण दुखावलं कुणीच नव्हतं.

हा माणूस ओशाळला नाही. उलट त्याचे डोळे भरून आले. "लई उपकार झाले साहेब," म्हणत तो इतका वाकला की त्याचं टक्कल तोनोमुरांच्या गुडघ्याला लागायचं राहिलं. मग तो धावतच गेला. तोनोमुरांना तेव्हाच काहीतरी खटकलं होतं. पण खटकलं की विचारावं, ही पद्धत त्यांच्या घराण्यात नव्हती.

त्याचं नाव कुदो. चाळिशी उलटलेला सहायक दिग्दर्शक. हा मूळचा पार उत्तरेचा, सफरचंदाच्या बागांतला. तिकडे अर्धं वर्ष बर्फ. तोंड उघडलं की थंडी आत शिरते म्हणून माणसं मोजकं बोलतात आणि जे बोलतात तेच त्यांना म्हणायचं असतं. तिकडे 'विचार करून ठेवतो' म्हणणारा माणूस खरोखर घरी जाऊन विचार करतो.

बुधवारी सकाळी तोनोमुरा दात घासत मागच्या बागेत आले, तेव्हा बांबूची परांची उभी राहिली होती आणि त्यांच्या शेवाळावर बेडूक बसला होता.

शेवाळ म्हणजे कुठेही उगवतं ते हिरवं बुळबुळीत नव्हे. तोनोमुरांनी ते मांडीवर पोर वाढवावं तसं वाढवलं होतं. त्यावर कुणी पाय ठेवत नसे. पाहुणेसुद्धा ते ओसरीवरूनच बघत आणि उसासे टाकत. बेडूक मात्र त्यावर ऐसपैस बसला होता. रबराचा, लाकडी सांगाड्यावर चढवलेला, घराच्या पन्हळीपर्यंत उंच, डोक्यावर दोन शिंगं. बेडकाला शिंगं कशाला, असा प्रश्न तोनोमुरांच्या मनात आला, पण तो विचारण्याची ही वेळ नव्हती.

"गुड मार्निंग साहेब," परांचीवरून कुदो म्हणाला. "शिंगं पायलीत का? दिग्दर्शकांची कल्पना."

सहासष्ट सालचा तो शरद ऋतू. निन्जा आणि राक्षसांच्या चित्रपटांची नुसती साथ आली होती. पोरं तोंडाला काळी फडकी बांधून कुंपणांवरून उड्या मारत होती आणि हाडवैद्यांची चंगळ चालली होती. या चित्रपटात एका राजपुत्राचं राज्य फितूर प्रधान बळकावतो. राजपुत्र डोंगरातल्या म्हाताऱ्याकडून निन्जाविद्या शिकतो, बोटं गुंफून मंत्र म्हणतो, की धुरातून महाबेडूक प्रकट होतो. प्रधानही काही कमी नाही, तो गोम होतो. आगगाडीएवढी गोम. ती सुदैवाने स्टुडिओतच होती.

आता तोनोमुरांनी कुदोला बाजूला घेऊन "अहो, मी नाही म्हटलं होतं" असं सांगायला काय हरकत होती? हरकत हीच, की मग आपला नकार समोरच्याला कळला नाही हे कबूल करावं लागलं असतं. नकार कळू नये इतका तो कच्चा होता, असं झालं असतं. पन्नाशीच्या क्योटोकराला याहून मोठी नामुष्की नाही. म्हणून ते म्हणाले, "मोठाच आहे हो." याचा अर्थ 'हे ताबडतोब हलवा' असा होतो.

"व्हय, मोठा हाय," कुदो अभिमानाने म्हणाला.

खरं तर एक दिवस काय, तोनोमुरांनी चार दिवस सोसलं असतं. पण रविवार जवळ आला होता. रविवारी मोतोई मंडळी येणार होती.

मोतोई म्हणजे घरातल्या दिवंगतांची पूजा करायच्या देव्हाऱ्यांचं पिढीजात दुकान असलेलं घराणं. मुलगा हारुहिको एकुलता एक, शांत, वाचनाचं वेड. तोनोमुरांची मुलगी चिझुरू सरकारी ग्रंथालयात कामाला, वय अठ्ठावीस. तेव्हाच्या हिशेबाने गल्लीतल्या बायका तिच्याकडे बघून सुस्कारे सोडायला लागल्या होत्या. आतापर्यंतची चार स्थळं तिनेच कोपऱ्यात ढकलली होती. हे पाचवं हयामीबाई या मध्यस्थ बाईंनी आणलं तेव्हा ती जेवता जेवता म्हणाली, "बाबा, ते ग्रंथालयात येतात. पुस्तकात कुणी पेन्सिलीने रेघोट्या मारल्या असतील तर घरी नेऊन खोडून आणतात. मला हे स्थळ हवंय."

मुलीने इतकं सरळ बोलावं याचा तोनोमुरांना धक्काच बसला होता. पण रात्रभर ते कुशीवर वळत होते ते आनंदाने.

अडचण होती मुलाच्या आईची. मोतोईबाईंना हसताना कुणी पाहिलं नव्हतं. त्या बोलतही नसत. चहा समोर आला की त्याकडे एकटक बघत. हयामीबाई सांगत, "तीन मुली त्यांनी नुसत्या बघून नापास केल्यात. एक शब्द बोलल्या नाहीत. भयंकर करारी. बाग बघायचं निमित्त केलंय मी, पण बघणार सगळं आहेत त्या." म्हणजे त्या बघायला येणार होत्या ते शेवाळ.

"अहो, त्या रविवारी नको असं कळवू या का?" तोनोमुरांच्या पत्नी फुमिए म्हणाल्या.

"वेड लागलंय? मुलीकडच्यांनी दिवस बदलला म्हणजे काय समजतात लोक? नकार. शिवाय रविवार पंचांगात सगळ्यात शुभ."

"मग बेडूक हलवायला सांगा."

"सांगितलंय मी. दोनदा."

"कोणत्या शब्दांत?" चिझुरूने विचारलं.

तोनोमुरांनी वर्तमानपत्र उघडलं.

बुधवारी चित्रीकरण झालं नाही, कारण दिग्दर्शकांना हवा तसा ढग आला नाही. सोरिमाची नावाचे हे दिग्दर्शक ओसरीवर तोनोमुरांच्याच आसनावर बसून आकाशाकडे बघत. गुरुवारी ढग आला, पण तो फार गोजिरवाणा होता म्हणे. शुक्रवारी सगळेच ढग आले आणि धो धो पाऊस पडला. बेडकाचं रबर आणि आतला भुसा भिजून तो दुप्पट जड झाला. त्याला उचलणारी क्रेन दुसऱ्या चित्रपटात एका किल्ल्याचा बुरूज धरून उभी होती. आता बेडूक हलवायचा म्हटलं तरी हलणार नव्हता.

शेजारी काय, सल्ले द्यायला टपलेलेच. समोरच्या ओकुनोबाई रस्ता झाडता झाडता म्हणाल्या, "तुमच्याकडे हल्ली किती चैतन्य आहे हो. आमच्या सासूबाईंना तर डोळाच लागत नाही, एवढं बरं वाटतं त्यांना." तोनोमुरांनी घरी येऊन आधी दोन गोळ्या घेतल्या आणि मग माफीची मिठाई घेऊन गेले. वसाहतीच्या मंडळाचे अध्यक्ष निशिवाकी, निवृत्त मुख्याध्यापक, यांनी बेडकाला तीन फेऱ्या घातल्या आणि विचारलं, "धुराची परवानगी काढलीत ना? घरमालकाच्या नावाने लागते. नाही काढलीत तर मी काही पाहिलं नाही, पण मला ते कळवावं लागेल."

धूर? तोनोमुरांनी कुदोला गाठलं. "व्हय, तोंडातनं निघतो," कुदो म्हणाला, "धुराबिगर बेडूक कसला?"

म्हणून शनिवारी तोनोमुरा हक्काची रजा टाकून अग्निशमन कचेरीत गेले. स्वतः सरकारी नोकर असल्यामुळे त्यांना वाटलं, दोन मिनिटांत होईल. खिडकीतला तरुण कारकून त्यांच्यासारखाच सौजन्यमूर्ती होता.

"धुराचा प्रकार?"

"बेडकाच्या तोंडातून."

कारकुनाने यादीवरून बोट फिरवलं. "न्हाणीघराचा बंब आहे. पालापाचोळा आहे. देवळातला होम आहे. बेडूक दिसत नाही. पाळीव आहे का?"

"रबरी आहे."

"रबर जाळायला बंदी आहे."

"रबर जळत नाही. रबराच्या आतून धूर येतो."

कारकून आत गेला. आतून त्याचे साहेब बाहेर आले, मग त्यांचेही साहेब. तिघांनी मिळून अतिशय सहानुभूतीने विचार केला आणि शेवटी देवळातल्या होमाच्या रकान्यात बेडूक बसवला. धर्मकृत्य. अट एकच, धूर निघताना पुरोहित हजर हवा. सह्या झाल्या, शिक्के बसले. नियमात बसवून दिल्याबद्दल तोनोमुरांनी त्यांचे चारचारदा आभार मानले आणि बाहेर आल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की बेडूक घालवू पाहणारे आपणच त्याला सरकारमान्य करून निघालो आहोत.

देवळातले म्हातारे भटजी रयोकाइ महाराज यायला लगेच तयार झाले. त्यांना ऐकू कमी येत असे. कशासाठी यायचं ते त्यांनी विचारलं नाही, आणि तोनोमुरांनीही मोठ्याने सांगितलं नाही. रस्त्यात उभं राहून 'बेडकासाठी' असं ओरडणार कसं?

राहिला प्रश्न बेडूक झाकण्याचा. दिग्दर्शक ढगाशिवाय हात हलवणार नव्हते, म्हणजे रविवारी पाहुणे असेपर्यंत तरी बेडूक पडद्याआड ठेवणं भाग होतं. एवढा मोठा पडदा फक्त मंडळाकडे. निशिवाकी म्हणाले, "लाल-पांढरा बालवाडीच्या खेळांना गेलाय. आणि तो असता तरी दिला नसता. लाल-पांढरा लावलात म्हणजे लग्न ठरलंच असं धरून चाललात, असा अर्थ होतो. मोतोईबाई उंबऱ्यातून परत जातील."

"मग?"

"काळा-पांढरा आहे."

फुमिएबाईंनी कानांवर हात ठेवले. काळा-पांढरा पडदा घरात मयत झाल्यावर लावतात.

"त्यावरून चादरी टाकायच्या," निशिवाकी म्हणाले. "आत काय आहे कुणाला कळतंय?"

रविवारी सकाळी घरातल्या झाडून सगळ्या चादरी त्या पडद्यावर टाचल्या. लांबून पाहिलं तर मोठं धुणं वाळत घातल्यासारखं दिसत होतं. तोनोमुरा ते बघून म्हणाले, "ठीक आहे. धुणं म्हणू." चिझुरू केशरचना करून येऊन जांभळ्या किमोनोत उभी होती. तिचे ओठ पांढरे पडले होते. "बाबा," ती म्हणाली, "सांगून टाका ना त्यांना सरळ."

"मुली, सरळ सांगण्यासारखं असतं तर पडदा कशाला लावला असता?"

मंडळी यायला थोडाच अवकाश होता आणि सोरिमाची ओसरीवरून उठून उभे राहिले. ढग येतोय, ते म्हणाले. काळा, फाटका, दुष्ट ढग. त्यांनी वारा चालू करायला सांगितला. वारा म्हणजे विमानाचा जुना पंखा. तो फिरला मात्र, तोनोमुरांच्या साऱ्या चादरी एकदम सुटल्या आणि गल्लीवरून उडत गेल्या. मागे उरला भव्य काळा-पांढरा पडदा.

चादरी कुठून आल्या ते बघायला आलेल्या ओकुनोबाईंनी तो पाहिला आणि त्यांच्या हातातला झाडू गळून पडला. त्या घरात गेल्या आणि काळा किमोनो नेसून, हातात जपमाळ घेऊनच बाहेर आल्या. अशा बाबतीत ती गल्ली फार तत्पर होती. बघता बघता सहा-सात बायका काळ्या वेशात बागेच्या दारात जमल्या. कोण गेलं ते विचारणं वाईट दिसतं म्हणून कुणी विचारलं नाही. रयोकाइ महाराज आले, त्यांनी पडदा पाहिला, आपल्याला कशासाठी बोलावलंय ते त्यांना एकदाचं उमगलं, आणि त्यांनी बसकण मारून सूत्रपाठ सुरू केला. बागेच्या कडेने बाराएक निन्जा डबे खात बसले होते, नखशिखान्त काळे. तेही घास खाली ठेवून आदबीने माना खाली घालून बसले. अंत्यविधीत एवढी शिस्त तोनोमुरांनी पूर्वी पाहिली नव्हती.

आणि मोतोई मंडळी आली.

पुढे हयामीबाई, त्यांचं हसू जागच्या जागी गोठलं. मागे हारुहिको, उंच, कानकोंडा. मध्ये मोतोईबाई. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, भटजींकडे पाहिलं, बायकांकडे पाहिलं. चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही.

तोनोमुरा पुढे झाले. "यावं, यावं. घरात आज जरा... गडबड आहे." क्योटोतल्या कुणालाही यावरून कळलं असतं की परिस्थिती सांगण्यापलीकडची आहे, कृपा करून काही विचारू नका.

मोतोईबाईंनी हळूच मान झुकवली. देव्हाऱ्यांच्या घरातल्या सूनबाई त्या. त्यांनी पिशवीतून जपमाळ काढली, सरळ चालत पडद्यासमोर गेल्या, ओल्या शेवाळावर गुडघे टेकून बसल्या आणि हात जोडले. हारुहिको त्यांच्यामागे बसला. थांबवायला हवं होतं. पण प्रार्थना करणाऱ्या बाईला काय म्हणून थांबवायचं?

"ढग," सोरिमाची छपराच्या दिशेने म्हणाले. "सोडा."

पडदा सर्रकन खाली आला. महाबेडकाने जबडा उघडला आणि काळ्या धुराचा लोट थेट मोतोईबाईंच्या अंगावर आला. काळ्या वेशातल्या बायका किंकाळ्या फोडत, एकमेकींच्या बाह्या धरून, शेवाळ तुडवत दाराकडे पळाल्या. हयामीबाई त्यांच्या पुढे होत्या. रयोकाइ महाराजांना काही ऐकू आलं नाही, ते पठण करतच राहिले. धूर निवळला तेव्हा मोतोईबाई होत्या तिथेच बसलेल्या होत्या. हात जोडलेले, भुवया काजळीने माखलेल्या, नजर बेडकाच्या शिंगांवर.

तोनोमुरांनी चिझुरूकडे पाहिलं. ती रडत नव्हती. नुसती उभी होती, हातातला रुमाल पिळत, आणि हारुहिकोकडे अशी बघत होती, जणू आता हा माणूस पुन्हा दिसणार नाही. ते बघून तोनोमुरांच्या आत काहीतरी तुटलं. ते मोतोईबाईंसमोर जाऊन चिखलात गुडघ्यांवर बसले.

"बाई, कुणी मेलेलं नाही," ते म्हणाले. स्वतःचा आवाज त्यांना परका वाटला. "हा बेडूक आहे. रबराचा. या लोकांना मला नाही म्हणायचं होतं, ते मला जमलं नाही. मग बेडूक लपवायला पडदा लावला. सगळा मूर्खपणा माझा आहे, मुलीचा काडीचा दोष नाही. तिला तुमचा मुलगा आवडलाय. मनापासून. तुम्ही हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, पण आमच्यावर राग धरून गप्प बसू नका. तिला ते सोसणार नाही."

दारात परत आलेल्या ओकुनोबाईंनी तोंडावर हात धरला. भर गल्लीत इतकं उघडंवाघडं बोलणं त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं. फुमिएबाईंनी डोळे मिटून घेतले.

मोतोईबाईंनी जपमाळ गुंडाळून पिशवीत ठेवली. मग त्या तोनोमुरांकडे बघत म्हणाल्या, "बेडूक हाय व्हय. मला वाटलं तुमच्याकडं मयताला अशीच मूर्ती बशिवत्यात."

परांचीवरून कुदोचा आवाज आला, "ह्या बाई तर आमच्या तिकडच्या."

"तिकडचीच हाय रं," मोतोईबाई म्हणाल्या, वर न बघता. "तीस वर्सं झाली ह्या गावात नांदते. लोकं बोलत्यात येक, अर्थ निगतो दुसराच. चहा घ्या म्हनत्यात तवा घ्यायचा का उठायचं, ते मला आजून कळत न्हाई. सासूबाई म्हनायच्या, तोंड उगडलंस तर घरान्याचं नाव जाईल. म्हून मिटून बसले. समदी म्हनत्यात, मोतोईबाई लई करारी. करारी कसली? त्या तीन पोरींच्या घरी काय बोलनं झालं, मला येक अक्षर उमगलं न्हाई. होकार व्हता का नकार व्हता, कुनाला इचारू?"

हारुहिको तोंड उघडं टाकून आईकडे बघत होता. बहुधा त्यानेही तिला एका दमात एवढं बोलताना ऐकलं नव्हतं. मोतोईबाईंच्या काजळी लागलेल्या गालांवरून दोन पांढऱ्या रेघा खाली ओघळल्या होत्या आणि त्या पुसायचं त्यांच्या ध्यानात नव्हतं.

"तुमी पयले," त्या तोनोमुरांना म्हणाल्या, "ज्यांचं बोलनं मला पयल्या दमात कळलं. आसं घर मला हवं व्हतं. पोरगी द्या आमाला."

अशी मागणी आली की मुलीच्या बापाने आधी नको-नको म्हणायचं असतं. आमची मुलगी अडाणी आहे, तिला काही येत नाही, तुमच्या थोर घराण्याला शोभणार नाही, असं निदान तीन वेळा तरी म्हणायचं, मग गप्प बसायचं, म्हणजे तो होकार. तोनोमुरांनी सवयीने घसा खाकरला आणि तोंड उघडलं.

तोवर चिझुरू ओसरीवरून खाली उतरली होती. पांढऱ्या मोज्यांनिशी ती शेवाळातून चालत आली, मोतोईबाईंच्या शेजारी बसली आणि तिने आपल्या रुमालाने त्यांचे गाल पुसले.

"येते मी," ती म्हणाली.

मोतोईबाईंनी तो होकार धरला आणि तिचा हात घट्ट पकडला. तोनोमुरांनाही होकारच ऐकू आला. पण मुलगी घर सोडून निघताना उंबऱ्यात जे म्हणते तेही नेमकं हेच, हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि मग सगळ्यांसमोर, बेडकाच्या पुढ्यात बसून, ते लहान मुलासारखे रडू लागले.